आधी इंजिनाला

पुठ्ठ्यावर डाग होता. रेइनो गराजच्या गार फरशीवर गुडघे टेकून, मान वाकडी करून गाडीखाली बघत राहिला. काल संध्याकाळी त्यानेच तो पुठ्ठा खाली सरकवला होता, फ्रिजच्या खोक्याचा, कोरा करकरीत. आणि आता त्यावर, इंजिनाच्या बरोब्बर खाली, नाण्याएवढा काळा ठिपका. बोट लावलं तर बोट माखलं. नाकाशी नेलं. जुन्या ऑइलला जळका वास येतो; हे गोडूस होतं, नवं होतं. "छे," तो म्हणाला. मग पुन्हा, "छे, छे." आर्मां मेकॅनिकने गळणारं गास्केट बदलून आठवडासुद्धा उलटला नव्हता. गाडी परत देताना आर्मांने बॉनेटवर थाप मारून सांगितलं होतं, की बाबा रे, आता ही तुझ्यानंतरही धावेल. रेइनोची काळजी ऑइलची नव्हती. डाग म्हणजे डाग, पुसता येतो. पण मुलीला शब्द दिला होता. किर्स्ती विनिपेगहून आली होती तेव्हा इथेच, याच गराजच्या दारात, कोट अंगाभोवती आवळून उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "बाबा, एकदाच. नीट मेकॅनिककडून करून घ्यायचं, तुम्ही बॉनेटला हात लावायचा नाही. आणि तरी गळलीच ना, तर गाडी विकून टाकायची आणि तुम्ही माझ्याकडे यायचं. उणे तीसमध्ये हायवेवर बंद पडलात तर कोण येणार आहे तुमच्यासाठी? अस्वलं?" तो हसला होता. ती हसली नव्हती. "कबूल?" "कबूल." आणि कबूल म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे किर्स्ती नव्हती, तिची आई हेल्मी होती. चमचा पुढे आला की आधी चमच्याकडे नाही, चमचा धरणाऱ्या हाताकडे बघणारी हेल्मी.

कारण सगळी गोष्ट तेवढ्यावर येऊन थांबत होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर हेल्मी शहरातल्या नर्सिंग होममध्ये होती, आणि दुपारचं जेवण ती फक्त रेइनोच्या हातून घेत असे. नर्सेसनी काय कमी प्रयत्न केले? गोड बोलून झालं, गाणी म्हणून झाली, एकीने तर रेइनोचा स्वेटर अंगात घालून बघितला. हेल्मी ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. रेइनो येऊन बसला, की तोंड उघडायची, चिमणीच्या पिलासारखं. गुरुवारी वाटाण्याचं सूप, बाकीच्या दिवशी कुस्करलेला बटाटा आणि त्यात लोणी. सकाळी आणि रात्री तिला जे काही द्यायचं ते नळीने, पण दुपार रेइनोची. डॉक्टर म्हणाला होता, ही दुपार आहे तोवर ती आहे. किर्स्तीकडे जायचं म्हणजे ही दुपार संपली. विनिपेगच्या होममध्ये हेल्मीला जागा मिळायला दोन-तीन वर्षं लागणार, आणि तेवढी वर्षं कुणाकडे होती? इकडे गावात बस येत नाही. शेजारी म्हणजे एक रिकामं घर आणि एक ख्रिसमसची झाडं विकणारा, तो फक्त डिसेंबरात दिसतो. म्हणून गाडी. म्हणून पुठ्ठा. म्हणून रोज सकाळी गुडघे.

त्याने पुठ्ठा काढून शेगडीत घातला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. पुरावा जाळणाऱ्या चोरासारखं वागायला त्याने काय केलं होतं? चूक आर्मांची होती. असं स्वतःला बजावल्यावर त्याला एकदम बरं वाटलं, रागाची ऊब आली. जन्मभर त्याने ओंडक्यांचे ट्रक चालवले होते, जंगलातल्या तळापासून कागदाच्या गिरणीपर्यंत, आणि दुसऱ्याने सोडलेला ढिला नट त्याला कधी सहन झाला नाही. तेव्हाचे ते ट्रक, देवा रे! प्यायचे नुसते. डिझेलच्या बरोबरीने ऑइल प्यायचे. तळावरचा मुकादम, बुटका वाइनो, नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचा: सकाळी उठलास की आधी इंजिनाला पाज, मग स्वतः कॉफी पी. मोजायचं नाही, बघायचं नाही, अंधारात ऑइल मोजायची पट्टी दिसते कुणाला? हातात बाटली घ्यायची, घोटभर ओतायचं, झाकण लावायचं, हात पुसायचे, मग कॉफी. कुणी आधी कॉफीच्या किटलीला हात लावला तर वाइनो चमचा फेकून मारायचा. त्या काळातली सकाळ आजही रेइनोच्या अंगात होती: बर्फावर पडलेला कंदिलाचा पिवळा उजेड, नाकातले केस गोठलेले, आणि मग कपाची ती पहिली धग. हेल्मी तळावरच्या स्वयंपाकघरात होती तेव्हा. वेलदोड्याच्या पावाची वेणी घालायची आणि खिडकीतून ओरडायची, "आधी लेकराला पाजलंस का रे?" लेकरू म्हणजे ट्रक. सगळे हसायचे. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिने हाच प्रश्न विचारला, घरात खरं लेकरू आल्यावरसुद्धा.

आर्मांचं गराज गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांना लागून. बाहेर बर्फात अर्ध्या बुडालेल्या गाड्या, आत रेडिओवर फ्रेंच बडबड. "आले का पाहुणे!" आर्मां खड्ड्यातून वर येत म्हणाला. "काय रे, आमची कॉफी आवडली वाटतं."

"कॉफी कसली, गटाराचं पाणी ते. गळतंय."

"काय गळतंय?"

"नाक. अरे काय गळणार? ऑइल गळतंय, आर्मां. तू दुरुस्त केलेलं."

आर्मांचं हसू मावळलं. तो साठीचा, पण दंडाने अजून तरणा. बापाचं गराज बापाच्या हयातीतच त्याच्याकडे आलेलं. रेइनोची गाडी गेली वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्या कुणी उघडली नव्हती. त्याने गाडी आत घेतली, वर उचलली, खालून बॅटरी मारली. रेइनो बाजूच्या फाटक्या खुर्चीत बसून राहिला. त्याला बरं वाटत नव्हतं. राग घेऊन आला होता आणि इथे येईस्तोवर तो निवून गेला होता. उरली होती ती नुसती धाकधूक, डॉक्टरच्या दाराबाहेर असते तसली. आर्मां बराच वेळ खाली होता. गास्केटला हात लावून बघत होता, रुमालाने पुसत होता, पुन्हा बघत होता. "गास्केट कोरडं आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "मग येतंय कुठून?" गाडी खाली आली. बॉनेट उघडलं. त्याने ऑइलची पट्टी उपसली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा उपसली. आणि तिच्याकडे बघत उभाच राहिला.

"रेइनो, इकडे ये जरा."

पट्टीवर दोन खुणा असतात, खालची आणि वरची. ऑइल वरच्या खुणेच्याही पार वर, मुठीजवळ पोचलं होतं.

"हे गळत नाहीये. उतू जातंय," आर्मां म्हणाला. "ठासून भरलंय कुणीतरी. आत जागा नाही, मग जिथून वाट मिळेल तिथून बाहेर. तू ओतलंस का रे?"

"मी?" रेइनोला खरंच राग आला. "बॉनेटला हात लावायचा नाही, असा शब्द दिलाय मी पोरीला. तुझ्याकडून नेल्यापासून हात लावलेला नाही."

तो खोटं बोलत नव्हता. हे त्याला पुढे पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागलं, की त्या क्षणी आपण खोटं बोलत नव्हतो. आणि आर्मांला त्याच्या शब्दाबद्दल शंका घ्यायचं कारणच नव्हतं. रेइनो कोस्की हात लावला नाही म्हणाला म्हणजे नाही लावला. आर्मांने पट्टी फडक्यात गुंडाळली. "मग मीच," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "मीच दोनदा ओतलं. एकदा ओतलं, मग विसरलो, परत ओतलं. दोनदा कसलं, तीनदा म्हण." तो बाकावर बसला. रेडिओवरचं कुणीतरी खिदळलं तसा त्याने हात लांबवून रेडिओ बंद केला. "माझा बाप असाच गेला, ठाऊक आहे ना तुला? आधी अशाच बारीक बारीक गोष्टी. नट लावायचा राहिला. दिवा चालू राहिला. मग एक दिवस मला म्हणतो, मिस्टर, माझा मुलगा कुठे भेटेल?"

"अरे, काहीतरीच काय! एखाद्या वेळी होतं माणसाचं."

"इव्हेतला बोलू नकोस हं," आर्मां म्हणाला. इव्हेत म्हणजे त्याची बायको. "शपथ आहे तुला. तिने बापाचं सगळं काढलंय, शेवटी शेवटी अंगावरची घाणसुद्धा. तिला परत तेच बघायला लावणार नाही मी."

जास्तीचं ऑइल काढून देताना त्याने पट्टी चार वेळा पुसून बघितली. रेइनोला ते बघवेना. पण हायवेला लागल्यावर, खरं सांगायचं तर, त्याला हलकं वाटलं. इतकं हलकं, की हेल्मीला भरवताना तो शीळ घालत होता. गाडी बरी होती. शब्द मोडला नव्हता. चूक दुसऱ्याची होती. संध्याकाळी त्याने किर्स्तीला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं, म्हणजे आर्मांने ऑइल जास्त भरलं होतं एवढंच. बाकीचं आर्मांचं गुपित होतं. "बघितलंस?" तो म्हणाला. "मी सांगत नव्हतो?" फोन ठेवल्यावर त्याला शेगडीजवळ बसून आर्मांची फार कीव आली. बिचारा, अजून हातपाय धड आहेत तर डोकं दगा द्यायला लागलं. कीव करताना माणूस किती सुखात असतो!

सकाळी फोन वाजला. फोन स्वयंपाकघरात, आणि रेइनो गराजमध्ये होता. मधलं दार उघडं होतं. घंटी ऐकून तो वळायला गेला आणि वळता येईना, कारण हात अडकलेले होते. डाव्या हातात नरसाळं होतं. नरसाळं इंजिनात होतं. उजव्या हातात बाटली उपडी होती आणि तिच्यातून मधासारखं, जाड, सोनेरी ऑइल संथपणे आत चाललं होतं. फोन वाजतच राहिला. बॉनेट कधी उघडलं? बूच कधी फिरवलं? अंगावर रात्रीचा सदरा होता, पायात बूट होते, बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या होत्या. त्याने त्या कधी बांधल्या? डोकं धुंडाळलं. उशीवरचं डोकं आठवत होतं, आणि मग एकदम ही घंटी. मधे काही नव्हतं. काळोखसुद्धा नव्हता, काळोख निदान आठवतो. मागे कपाटाच्या फळीवर बाटल्यांचं खोकं होतं, गळती होती तेव्हा आणून ठेवलेलं. ते भरलेलं आहे असं तो धरून चालला होता. त्याने एक बाटली उचलली तर ती हाताला पिसासारखी लागली. दुसरी. तिसरी. सगळ्या रिकाम्या, सगळ्यांची झाकणं घट्ट लावलेली, लेबलं पुढे करून ओळीने उभ्या. ही त्याचीच पद्धत. दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं. आत स्वयंपाकघराच्या ओट्यावर कॉफीचं पाणी उकळायला ठेवलेलं होतं. आधी इंजिनाला, मग आपल्याला.

फोन थांबला आणि पुन्हा वाजला. किर्स्ती होती. "बाबा, घाबरवलंत. कुठे होतात?"

"गराजमध्ये."

"ऐका ना. रात्रभर विचार केला. मी जरा जास्तच बोलले तेव्हा. तुमची काही चूक नव्हती, उगीच तुमच्यावर आरडाओरडा केला. राहू द्या गाडी. निदान उन्हाळ्यापर्यंत. आईला तुमच्याशिवाय... बाबा? ऐकताय ना?"

"हो," तो म्हणाला.

"रागावलात?"

"नाही गं पोरी."

फोन ठेवल्यावर त्याने कॉफी केली नाही. खुर्चीत बसून हात मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. डाग पडलेले, नखांच्या कडा काळ्या, उजव्या अंगठ्यावर साखळीने कापलेली जुनी खूण. ओळखीचे हात. त्याला भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तसली भीती. मनाने लगेच वकिली सुरू केली: एवढं काय त्यात? जुनी सवय आहे. बाटल्या फेकून दे, प्रश्न मिटला. बॉनेटला कुलूप लाव. कुणाला कळणार आहे? हे सगळं बरोबर होतं, आणि तरी त्याला चैन पडेना. कारण दुसराच एक प्रश्न डोकं वर काढत होता. काल हेल्मीकडून घरी आलो तो रस्ता? तिचं तोंड पुसून दिलं ते आठवत होतं, कोट घातला ते आठवत होतं. मग घराची पायरी. मधला रस्ता नव्हता. रुळांचं फाटक उघडं होतं की बंद? शाळेपाशी पोरं होती का? सिग्नलला तो थांबला का? थांबलाच असेल. हातांनी थांबवली असेल गाडी. पण हात आजवर जे करत आले तेच करतात. समोर अचानक एखादं पोर आलं तर हातांना काय ठाऊक?

आणि आर्मां. आत्ता या घटकेला आर्मां गराजमध्ये उभा राहून प्रत्येक नट दोनदा तपासत असणार. रात्री इव्हेतच्या शेजारी डोळे मिटून, झोपेचं सोंग घेऊन, बापाचे दिवस मोजत असणार. जी भीती रेइनोच्या वाट्याची होती ती त्याने काल आर्मांच्या पदरात टाकली होती आणि शीळ घालत घरी आला होता. गप्प बसलं तर हेल्मीची दुपार वाचते. बोललं तर आर्मांची रात्र वाचते. असा सरळ हिशेब मांडल्यावर तो हेल्मीकडे झुकला, पूर्ण झुकला; उठून कोटसुद्धा घातला होईल ते होईल म्हणून. मग दाराशी त्याला रडू फुटलं. कितीतरी वर्षांत तो असा रडला नव्हता, हेल्मी झटका येऊन पडली तेव्हाही नाही.

गाडी त्याने आर्मांच्या गराजकडे वळवली आणि फार सावकाश चालवली. आणि बोलत चालवली. "आता फाटक. फाटक उघडं आहे. आता डावीकडे. हा पूल. पुलावर बर्फ आहे. समोरून पिवळा ट्रक येतोय, गेला." प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हटली की ती राहील, असं त्याला वाटत होतं. अर्ध्या वाटेवर घसा सुकला तरी तो थांबला नाही. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला. "मागे लाल गाडी. वैतागलाय. वैतागू दे."

आर्मां दारातच होता. रेइनोला बघून त्याचा चेहरा पडला. "परत गळली? मी काल चार-चार वेळा बघितलं रे. देवाशपथ बघितलं."

"तुझं काही चुकलं नाही," रेइनो म्हणाला. आणि मग थांबला तर बोलणार नाही या भीतीने एका दमात सांगून टाकलं. "मी ओततोय. रोज सकाळी. मलाच माहीत नव्हतं. आज हातात बाटली होती आणि मला पत्ता नाही. खोकंभर रिकाम्या बाटल्या आहेत घरी. तू दोनदा ओतलं नाहीस, आर्मां. तुझं डोकं ठणठणीत आहे."

आर्मांचा चेहरा उजळला. त्याने लगेच मान खाली घातली, तोंडावरून हात फिरवला, पण तेवढ्या क्षणात जे दिसायचं ते दिसून गेलं होतं: सुटकेचा आनंद, निखळ, पोरासारखा. रेइनोला तो आनंद सुरीसारखा लागला. आणि त्याच वेळी त्याला वाटलं, की हा आनंद आपणच दिला, दुसऱ्या कुणाला देता आला नसता.

"रेइनो," आर्मां म्हणाला. "अरे रेइनो."

"किर्स्तीला सांगायचंय. तू फोन लाव, मी बोलतो. पण आत्ता नको, दुपारनंतर." त्याने किल्ली पुढे केली. "आत्ता मला तिकडे जायचंय. जेवायची वेळ होत आली तिची. मी चालवणार नाही."

आर्मांने किल्लीकडे बघितलं, हात पुसले, आणि ती घेतली. आत डोकावून कुणाला तरी गराज बघायला सांगितलं. "मी काही रोज येईन असं म्हणत नाही हं," तो म्हणाला, "खोटं का बोला. पण जमेल तेव्हा येईन. दुसरंही कुणी बघू. चर्चमध्ये विचारू." रेइनोने मान हलवली. स्वतःच्या गाडीत तो दुसऱ्या बाजूने बसला आणि पट्टा ओढायला सवयीने डाव्या खांद्यावर हात नेला, चालवणाऱ्याचा पट्टा असतो तिकडे. तिथे काही नव्हतं. आर्मां बघत होता. शहर आलं, तळ्याचं राखाडी पाणी आलं, धान्याची मोठी कोठारं आली. रेइनो हे सगळं बघत होता. या रस्त्यावर नुसतं बघत बसण्याची त्याला सवयच नव्हती.

होमच्या आवारात आर्मांने गाडी लावली. खालच्या मजल्यावर, तिसऱ्या खिडकीत हेल्मी चाकाच्या खुर्चीत बसलेली होती. रोज तशीच बसत असणार. रोज तो उतरून तडक आत जायचा, बर्फाकडे बघत, घसरू नये म्हणून. खिडकीकडे त्याने कधी मान वर करून बघितलंच नव्हतं. गाडी ओळखून तिचा चांगला हात काचेवर आला. नजर गाडीच्या डाव्या, चालवणाऱ्याच्या दारावर लागलेली. दार उघडलं आणि आर्मां उतरला. तिचा हात काचेवरच थांबला. चेहरा हळूहळू बदलायला लागला, ओठ मिटले, घट्ट, नर्सचा चमचा आला की मिटायचे तसे. आर्मां गोंधळून टोपी काढून उभा राहिला. रेइनोने आपल्या बाजूचं दार उघडलं, बर्फात पाय ठेवला, घसरला, गाडीच्या छपराला धरून सावरला. काच जाड होती, आवाज पोचणार नव्हता हे त्याला कळत होतं. तरी तो दोन्ही हात वर करून भर आवारात ओरडला, "हेल्मी, इकडे! अगं, इकडे बघ, मी या बाजूला आहे!"